नववी पायरी

२२ जुलै २०२१च्या पहाटे काकांचा फोन आला. पाऊस, पूर, वाशिष्ठी नदी यातला एकही शब्द त्यांनी उच्चारला नाही. एवढंच म्हणाले, “चौथी गेली.”

मी पुण्यात अंथरुणात उठून बसले. चिपळूणच्या आमच्या घरात माळ्यावर जायला चौदा पायऱ्यांचा सागवानी जिना आहे. २००५च्या जुलैत पाणी त्याच्या तिसऱ्या पायरीला टेकून परत फिरलं होतं आणि तेव्हापासून सोळा वर्षं तिसरी पायरी हीच आमच्या घरात पुराची हद्द मानली गेली. फ्रिज त्या हिशोबाने उंचावर, तांदळाची पिंपं त्या हिशोबाने फळीवर, विजेचा बोर्ड तिच्याही हातभर वर. फोनमध्ये मागून काकूचा आवाज येत होता, “देव वर घेतलेत म्हणून सांगा तिला.” साडेसातला ‘सातवी’ असा एका शब्दाचा मेसेज आला आणि मग दोन दिवस काहीच नाही.

दोघं सुखरूप होती. पाणी नवव्या पायरीवर थांबलं आणि शुक्रवारी उतरलं. कोळकेवाडी धरणाचं पाणी किती सुटलं, भरती कितीची होती, नदी गाळाने किती भरली होती, यावर गावात पुढे वर्षभर वाद चालला. तो इथे काढत नाही. मला लिहायचंय ते घराबद्दल. ते ठेवायचं की पाडायचं, हे ठरवायला आम्हाला सहा महिने लागले, आणि त्यातला बराचसा वेळ आम्ही काहीही न करता घालवला. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, तेच सगळ्यात अवघड काम होतं.

घर पणजोबांचं. माजघराच्या तुळईवर ‘शके १८५६’ कोरलंय, म्हणजे १९३४. जांभ्याच्या चिऱ्यांच्या दीड फुटी भिंती, चिरे मातीत बसवलेले, वरून चुन्याचा गिलावा. पुढे ओटी, मग पडवी, माजघर, आणि मागे स्वयंपाकघर. वर मंगलोरी कौलं. मागच्या अंगाला माझ्या लहानपणी बांधलेलं सिमेंटचं न्हाणीघर आणि संडास. जोतं अडीच फूट, म्हणजे रस्त्यावर साडेआठ फूट पाणी होतं तेव्हा घरात सहा फूट.

सोमवारी मी पोचले. बाजारपेठेतून येताना दोन्ही बाजूंना दुकानांतला माल रस्त्यावर ओतलेला. वाचन मंदिरातली पुस्तकं भिजल्याचं कोणीतरी सांगितलं. १८६४ सालची संस्था, २००५लाही तिने हेच भोगलं होतं. आमच्या दारात गुडघाभर गाळ. नदीचा गाळ नुसता मातकट असतो. हा बाजारातून फिरून आलेला होता. त्यात तांदूळ होता, गूळ होता, डिझेल होतं, कुठल्या तरी खताच्या गोणी फुटून आल्या होत्या. तो वास अजून कधीतरी स्वप्नात येतो.

दुसऱ्याच दिवशी एक जण येऊन गेले. इमारती बांधतात. गाळात पाय नको म्हणून बाहेरूनच पाहिलं, मोबाइलच्या टॉर्चने माजघराच्या भिंतीवर उजेड टाकला आणि म्हणाले, “मातीतलं काम आहे. संपलं हे. पाडा.” मग खिशातून वही काढून चौरस फुटाचा भाव सांगितला. चौदाशे फुटांचं साधं काँक्रीटचं घर पंचवीस-सव्वीस लाखांत. काका काही बोलले नाहीत. मी मात्र, खरं सांगते, मनातून सुटल्यासारखी झाले. कोणीतरी ठरवलं होतं. आता फक्त पैसे उभे करायचे होते.

गाळ काढायला बोलावलेल्या माणसांबरोबर एक म्हातारे गवंडी आले होते, गोवळकोटकडचे. त्यांनी पहिलीच गोष्ट केली ती काम थांबवायची. आमची माणसं आतून धडाधड फावडं मारत होती आणि बाहेर, गल्लीच्या बाजूला, भिंतीला लागून तितकाच गाळ तसाच होता. गवंडीकाका म्हणाले, “आतला काढलात नि बाहेरचा ठेवलात तर तो भिंतीला आत ढकलील. ओली आहे ती. हातभर आत, हातभर बाहेर, असा काढा.” पाणी ओढायचा पंपही त्यांनी सावकाश लावायला लावला. नंतर कळलं की गल्लीत पुढे एका घराची भिंत पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी पडली होती. पुरात उभी राहिली आणि सफाईत गेली.

त्यांचा दुसरा हुकूम दारांबद्दल होता. सागवानी दारं फुगून चौकटीत घट्ट बसली होती आणि आमच्यातला एक जण पहार घेऊन निघाला होता. “सुकली की आपली आपण निघतील.” निघाली. दिवाळीच्या सुमाराला. तोवर आम्ही पडवीच्या खिडकीतून ये-जा करत होतो आणि काकू, वय वर्षं अडुसष्ट, स्टूल लावून आत शिरायची. प्लायवूडची दोन कपाटं मात्र चौथ्या दिवशीच पानं पलटावीत तशी उकलली, ती फेकली. विहीर उपसून टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकली, मीटर काढून नेला, वायरमनने सगळं वायरिंग ओढून काढलं. या कामांत विचार करण्यासारखं काही नव्हतं.

भिंतींचा विचार मात्र करावा लागणार होता. गवंडीकाकांनी खिशातून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, काढला आणि एकेका भिंतीला लावत गेले. मी पेन्सिलने लिहीत होते. पुढची भिंत: सरळ. माजघराची उत्तरेकडची: वरून खाली बोटभर बाहेर, पण ती माझ्या आजोबांच्या वेळेपासून तशीच असल्याचं काकांनी सांगितलं. माजघराची दक्षिणेकडची: सरळ. स्वयंपाकघराची मागची: इथे ते थांबले, तळहात भिंतीवरून खाली नेला आणि म्हणाले, “ताई, हिला पोट सुटलंय.” कमरेच्या उंचीवर भिंत अडीच इंच बाहेर आली होती आणि वर परत आत. एकसारख्या कललेल्या भिंतीपेक्षा पोट सुटलेली वाईट, कारण आतली आणि बाहेरची चिऱ्यांची रांग एकमेकींपासून सुटून मधे माती बसलेली असते. हे त्यांनी मला दोन तळहात जोडून आणि मधे फुगवून दाखवलं.

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे ‘घर’ वाचेल का असं विचारत होतो आणि हा माणूस घराकडे पाहतच नव्हता. तो भिंतींकडे पाहत होता, एकेकीकडे.

काकूच्या माहेरच्या नात्यात एक निवृत्त इंजिनिअर आहेत. ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आले, त्यांनी आत दोन तास काढले आणि पाडा किंवा ठेवा यातलं काहीच म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं असं: जांभा पाण्यात विरघळत नाही. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कडक होतो, आणि आयुष्यभर दर पावसाळ्यात पाणी पितो नि सोडतो. विरघळते ती सांध्यातली माती. ती किती गेली हे भिंत ओली असताना कळत नाही. सुकल्यावरच कळतं, आणि दीड फुटाची भिंत काही महिनाभरात सुकत नाही. ढोबळ हिशोब जाडीच्या एका इंचाला एक महिना. मी घाबरून अठरा महिने असं मोजलं. ते म्हणाले, दोन्ही बाजूंनी सुकली तर निम्मे, आणि तेही कोकणात पाऊस थांबल्यापासून धरायचे. “तोवर टेकू द्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि कोणालाही प्लास्टर करू देऊ नका. तुमच्या हितचिंतकांना तर अजिबात नाही.”

टेकू दिले. माजघराच्या तुळईखाली दोन, स्वयंपाकघराच्या तुळईखाली तीन, आणि पोट सुटलेल्या भिंतीला बाहेरून तिरके आधार. जिथे जिथे तडा होता तिथे काचेच्या बारीक पट्ट्या तड्यावर आडव्या, दोन्ही टोकांना सिमेंटच्या गोळ्याने चिकटवल्या. शेजारी पेन्सिलने तारीख. काच तडकली तर तडा अजून चालतोय. अकरा पट्ट्या लावल्या होत्या. काका-काकू अलोऱ्याला भाचीकडे राहायला गेले आणि काका दर रविवारी एसटीने येऊन काचा बघून मला फोन करायचे. “दहा शाबूत.” पुढच्या रविवारीही “दहा शाबूत.” एकच तुटत होती आणि ती प्रत्येक वेळी तीच: न्हाणीघर आणि जुनी भिंत जिथे मिळतात तिथली.

मधल्या काळात पंचनामा झाला. मदतीचे आकडे जाहीर झाले होते: घर पूर्ण पडलं असेल तर दीड लाख, निम्मं पन्नास हजार, पाव भाग पंचवीस हजार, आणि पंधरा टक्के पडझडीला पंधरा हजार. पाहणीला आलेला मुलगा बिचारा सकाळपासून पन्नास घरं फिरला होता. शेजारचे म्हणाले, पूर्ण पडलं म्हणूनच लिहून घ्या, नाहीतरी पाडणारच आहात. काकांनी त्या मुलाला चहा दिला आणि सांगितलं, “मागची बाजू धर. पुढचं उभं आहे, दिसतंय तुला.” मी त्यांच्यावर चिडले. पंचवीस हजार आणि दीड लाख यातला फरक आम्हाला परवडण्यासारखा नव्हता. पण एकदा कागदावर पूर्ण पडलेलं घर नंतर उभं कसं ठेवायचं, हाही प्रश्न होताच.

आणि कागदाचाच मुद्दा पुढे निर्णायक ठरला. सप्टेंबरमध्ये ओळखीच्या एका आर्किटेक्टने नकाशा उघडून दाखवला. नदीकाठच्या गावांना दोन पूररेषा असतात. पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मधे अटींवर. चिपळुणातला जुना भाग बराचसा या रेषांच्या आत येत होता आणि गावाचा त्यावर मोठा आक्षेप होता. आमचं घर निळीच्या इतकं जवळ होतं की ती आमच्या ओटीवरून जाते की परसातून यावर आर्किटेक्टलाही छातीठोक सांगता येईना. “उभं आहे तोवर तुमचं घर आहे. पाडलंत की ती मोकळी जागा. मग नवी परवानगी मिळेल की नाही, मिळाली तर किती वर्षांनी, मी सांगू शकत नाही.” शिवाय मिळकत पत्रिकेवर पाच नावं, त्यातला एक चुलतभाऊ कॅनडात, एक आत्या कोणाशीही न बोलणारी. पाडायचं तर पाचही जणांच्या सह्या.

हे ऐकून मला लाज वाटली, कारण तोवर मी मोठ्या गहिवराने घर ‘वाचवायला’ निघाले होते, आणि आता कळत होतं की पाडणं हा पर्याय आम्ही समजत होतो तितका मोकळा कधी नव्हताच. ते पंचवीस लाखवाले गृहस्थ यातलं काही बोलले नव्हते.

ऑक्टोबरात ऊन तापलं. चिपळूणचं ऑक्टोबरचं ऊन एरवी शिव्या खातं. त्या वर्षी आम्ही त्याची वाट पाहत होतो. भिंतीवर दोन फुटांचं प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून दुसऱ्या दिवशी आत घाम आलाय का बघायचं, ही इंजिनिअरसाहेबांनी दिलेली परीक्षा. माजघराच्या भिंतींवर महिनाअखेर घाम यायचा बंद झाला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मात्र प्लास्टिक रोज सकाळी आतून थेंबाळलेलं.

कारण फोडल्यावर सापडलं. २००५च्या पुरानंतर ओल येऊ नये म्हणून स्वयंपाकघराला आम्ही आतून-बाहेरून चार फुटांपर्यंत सिमेंटचं प्लास्टर केलं होतं. तेव्हा सगळ्यांनी तेच केलं. माजघराला पैसे पुरले नाहीत म्हणून तिथे जुना चुन्याचा गिलावाच राहिला. या पुरात चुना ठिकठिकाणी गळून पडला, भिंत उघडी पडली, भिकार दिसायला लागली आणि सुकली. सिमेंट जागच्या जागी राहिलं, दिसायला ठणठणीत, आणि आतलं पाणी त्याने बाहेर पडू दिलं नाही. गवंडीकाकांनी छिन्नीने एक खिडकीएवढा तुकडा उडवला तर मागची माती शिऱ्यासारखी ओघळून बाहेर आली. चार महिने झाले होते पुराला. ज्या भिंतीची आम्ही काळजी घेतली ती गेली होती, जिच्यासाठी पैसे उरले नव्हते ती राहिली होती. काका बराच वेळ त्या भगदाडासमोर उभे होते, मग म्हणाले, “चोवीस हजार दिले होते या प्लास्टरचे.”

न्हाणीघराची काच का तुटत होती तेही कळलं. कोपऱ्यात खड्डा घेतला. जुन्या घराचा पाया तीन फूट खाली कातळापर्यंत नेलेला. न्हाणीघराचा जेमतेम फूटभर, भरावावर. पुराने भराव धुऊन नेला आणि ते सिमेंटचं खोकं खचताना जुन्या भिंतीलाही सोबत ओढत होतं. बाकी तीन कोपऱ्यांचे खड्डे घेतले, पाया जागेवर होता. एका कोपऱ्यात, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या बाजूला, जोत्याखालून माती वाहून गेली होती तिथे तीन-तीन फुटांच्या टप्प्यांत, एक टप्पा सोडून एक, खालून चिरे भरले. सलग खणलं असतं तर वरची भिंत अधांतरी झाली असती.

लाकडाचं सुताराने पाहिलं. हातोडीची दांडी ठोकत जायचं आणि ऐकायचं. सागवान खणखणीत वाजत होतं. भीती टोकांची असते, कारण तुळईचं टोक भिंतीच्या पोटात बसलेलं असतं आणि भिंत सुकेपर्यंत तेही ओलं. स्वयंपाकघराच्या तुळईच्या टोकात पटाशी मुठीपर्यंत गेली. माजघराची, शके १८५६वाली, एका बाजूला कोरडी आणि दुसऱ्या बाजूला, त्याच्या भाषेत, ‘बद्द’ बोलली. पटाशी अर्धा इंच शिरली आणि थांबली. तो म्हणाला, आत्ता टेकू ठेवा, वर्षाने परत बघू.

तर जानेवारीत ठरलं ते असं: न्हाणीघर पाडायचं. स्वयंपाकघराची मागची भिंत उतरवायची, तेच चिरे धुऊन परत लावायचे, या वेळी चुना-वाळूत. बाकीच्या भिंतींच्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, बोटभर खोल खरवडून चुन्याने भरायच्या. छप्पर तसंच. इतक्या सगळ्या विचारमंथनानंतर इतकं साधं काहीतरी निघेल असं वाटलं नव्हतं. पाडायचं की ठेवायचं, याला उत्तर आलं: एक भिंत आणि एक संडास पाडायचा.

चुन्याच्या कामाने मात्र जेरीस आणलं. चुना भिजवून मुरवायला जागा लागते, वेळ लागतो, आणि तो लावणारा हात लागतो. गवंडीकाकांनी शेवटचं चुन्याचं काम तीस वर्षांपूर्वी देवळाचं केलं होतं. बरोबरची तरुण पोरं सिमेंटला सरावलेली. दुपारी लावलेलं संध्याकाळी घट्ट झालं नाही की त्यांना वाटायचं माल बिघडलाय. पहिला हात दोन जागी सोलून निघाला कारण भिंत नीट भिजवली नव्हती. महिनोन्‌महिने जी सुकायची वाट पाहिली तीच आता पाणी मारून भिजवायची, हे काकूला काही केल्या पटेना. ती रोज येऊन विचारायची, “परत ओली करताय?” बुरशी आणि लोणा यांच्याशी अजून भांडण चालूच आहे, जिन्याच्या मागच्या भिंतीवर हिवाळ्यात पांढरं फुटतं, ते कोरड्या ब्रशने झाडायचं, धुवायचं नाही.

सगळं मिळून आठ लाखांच्या थोडं वर गेलं. मे २०२२मध्ये काका-काकू परत राहायला आले. विजेचा बोर्ड आता दहाव्या पायरीच्या उंचीवर आहे, बटण दाबायला काकूला स्टूल लागतं. फ्रिज खालीच. तो दर पावसाळ्यात उचलून वर नेणं कोणाच्याच्याने होणार नाही, तेव्हा गेला तर गेला, असं काकांनी जाहीर केलंय.

सुताराने वर्षाने येऊन माजघराच्या तुळईचं टोक पुन्हा पाहिलं. पटाशी आता पाऊण इंच शिरते. त्याचं म्हणणं, टोक दीड हात कापून नवं सागवान खाचेत बसवावं लागेल, पण आणखी एक उन्हाळा जाऊ द्या. तोवर टेकू तसाच आहे, माजघराच्या बरोबर मधोमध. काकूने त्याला खिळा मारून कॅलेंडर लावलंय.